रुखवतावरचं जहाज

आमची जहाजवाली आत्या शांत, सोशिक आणि मनमिळाऊ होती, असं ज्यानं तिच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर छापलं, त्याला एकदा माझ्यासमोर उभं करा. सोशिक म्हणे! सिडकोतल्या आमच्या गल्लीत भाजीवाला आमच्या दारापाशी आला की आवाज खाली घ्यायचा. 'मेथी' हा शब्दसुद्धा तो कुजबुजल्यासारखा म्हणायचा. नाहीतर मागच्या खोलीतून आत्या ओरडायची, "अरे मेल्या, बोंबलू नको, हात हलला ना माझा!" आत्या तापट होती. लई तापट. तिला ओळखणाऱ्या प्रत्येकानं तिच्या शिव्या खाल्ल्यात आणि तिच्या हातचा चहाही प्यायलाय. मेल्यावर माणसाचा स्वभावसुद्धा घरच्यांच्या सोयीचा करून टाकायचा, ही कुठली रीत?

आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. चितेगावच्या एका कारखान्यात टीव्हीच्या सर्किटवर सोल्डरिंग करायची. भिंगाच्या दिव्याखाली बसायचं आणि मुंगीच्या पायाएवढ्या तारा डागायच्या, हे काम तिनं केस पिकेपर्यंत केलं. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं की ती समोरच्या बाईला म्हणायची, "तुझं झालंय ना? बघतेय की मी रोज." कारखाना बंद झाला तेव्हा तिथलं सामान विकायला काढलं होतं. बाकीच्या बायकांनी पंखे, खुर्च्या आणल्या. आत्यानं तो भिंगाचा दिवा आणला आणि मागच्या खोलीत टेबलाला आवळून टाकला.

जहाजांचं खूळ तिला मोबाइलवरच्या व्हिडिओंनी लावलं. प्लॅस्टिकचे सुटे भाग एका चौकटीला चिकटून येतात, ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. खऱ्या जहाजाचं मोजून मापून छोटं रूप तयार होतं. आधी तिनं लहानसहान बोटी केल्या. कारखान्यातला चिमटा, नेलकटर, बोथट झालेली कानस, एवढीच हत्यारं. खंडेनवमीला आई कणकेचा डबा, विळी पुढं करायची आणि आत्या आपला चिमटा आणि नेलकटर झेंडू वाहून पाटावर ठेवायची. समुद्र तिनं एकदाच पाहिला होता, कंपनीच्या सहलीत. "पाणी लई आणि बसायला जागा नाय," एवढंच त्याबद्दल तिचं मत होतं.

मग ती इटलीची क्रूझर, म्हणजे युद्धनौका, आली. दुसऱ्या महायुद्धातली, फ्यूमे नावाची. जवळजवळ पावणेदोन फूट लांब, चार बुरुज, प्रत्येकात दोन दोन तोफा, आणि पितळेच्या पत्र्यातून कापलेली रेलिंग, जी श्वास लागला तरी उडायची. मी विचारलं, "आत्या, इतकी जहाजं असताना इटलीचंच का?" ती म्हणाली, "जिंकलेल्यांची सगळेच करतात गं. हरलेल्यांची कोण करतं?" त्या जहाजाची गोष्ट ती आईला अशी सांगायची की जणू शेजारच्या गल्लीत कालच घडलीय. सोबतचं एक जहाज समुद्रात बंद पडलं. त्याला आणायला ही आणि हिची बहीण, म्हणजे हिच्याच बनावटीचं दुसरं जहाज, अशा दोघी मागं फिरल्या. अंधारात शत्रू टपून बसलेला, आणि यांच्या तोफांवर माणसंच नाहीत. शत्रूच्या दिव्यांचे झोत अंगावर पडले तेव्हा सगळं संपलं. "तोफा तयार न ठेवता निघाले मेले!" आत्या टेबलावर थाप मारायची. "ज्यानं हुकूम दिला ना, त्याला आणा माझ्यापुढं. पोरंच पोरं होती गं त्या जहाजावर, वहिनी." आई पोळ्या लाटता लाटता हं हं करायची. ऐंशी वर्षांपूर्वीच्या इटालियन साहेबावर चिडून आत्या त्या दिवशी जेवली नव्हती, हे मी स्वतः पाहिलंय.

घरात तिचा एकच कायदा होता. तुकडा पडला की कुणी हलायचं नाही. "पाय उचला!" अशी आरोळी आली की जो जिथं असेल तिथं थांबायचा. मग आत्या फरशीवर आडवी होऊन बॅटरी जमिनीलगत धरायची, म्हणजे बारीकशा तुकड्याचीही सावली लांब पडते. मला बघायला कन्नड गावची मंडळी आली, त्याच दिवशी नेमका जहाजाचा नांगर पडला आणि टुणकन उडून दिवाणखान्यात गेला. सासरेबुवांच्या हातात पोह्यांची बशी. आत्या आतून ओरडली, "पाय उचला सगळे! झाडू नका, उठू नका!" आणि ती सगळी मंडळी, सासूबाईंसकट, पाय वर करून सोफ्यावर बसली. अण्णांचा चेहरा पडला. तो नांगर शेवटी अमोलच्या, म्हणजे आता माझ्या नवऱ्याच्या, मोज्याला चिकटलेला सापडला. त्यानं तो तळहातावर ठेवून तिला नेऊन दिला. आत जाताना आत्या माझ्या कानात म्हणाली, "ह्याला व्हय म्हण."

आणखी एक गोष्ट. जहाजावरच्या तारा करायला ती रिकाम्या चौकटीचं प्लॅस्टिक ज्योतीवर तापवून ओढायची. केसाएवढा बारीक धागा निघायचा. मेणबत्तीची ज्योत तिला चालायची नाही, फडफडते म्हणायची. देवघरातल्या निरांजनाची ज्योत तिला पसंत होती. आईनं यावरून आकाशपाताळ एक केलं. देवापुढं प्लॅस्टिकचा वास! आत्याचं उत्तर ठरलेलं: "देवाला काय होतंय? तो बघतोय, हात कसा स्थिर आहे ते." आईनं निरांजन लपवलं की ती शेजाऱ्यांकडून मागून आणायची. देवाधर्माचं, शकुन-अपशकुनाचं तिला काही नव्हतं. मांजर आडवं गेलं तर ती मांजराला हाकलायची आणि पुढं चालायची.

सगळ्यात जास्त जीव तिनं ओतला तो जहाजाच्या पुढच्या डेकवर. तिथं लाल-पांढरे तिरपे पट्टे असतात. पट्ट्या चिकटवायच्या, रंग द्यायचा, पट्ट्या काढायच्या, आणि कडेला कुठं रंग पसरला की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळाभर तेच चाललं होतं. अण्णा एकदा दारात उभे राहून हसले, "ही पुढं रांगोळी कशाला काढलीस?" आत्या मान वर न करता म्हणाली, "आपलीच विमानं वरून आपल्यावर बॉम्ब टाकतील म्हणून. आपल्या माणसाला ओळखू यावं लागतं." अण्णा हसतच निघून गेले. त्यांना त्या खोलीतलं कधी काही दिसलंच नाही. त्यांच्या लेखी तिथं एक रिकामटेकडी बाई बसून खेळत होती.

जहाज पुरं झालं ते माझ्या लग्नाच्या आधी. पुण्यात असल्या मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन असतं, तिथं तिनं नाव नोंदवलं होतं. लग्नानंतरचाच रविवार. आयुष्यात पहिल्यांदा तिनं केलेली वस्तू तिच्या नावानं चार जाणती माणसं बघणार होती. तिनं कुणाला सांगितलं नाही, फक्त मला. नवी साडी काढून ठेवली होती. काचेची पेटी करायला टाकली होती आणि काचवाल्यानं उशीर लावला म्हणून त्याचा फोनवर उद्धार चालला होता. म्हणून जहाज टेबलावर उघडंच होतं. तिला कशाची भीती असणार? घरचीच तर माणसं होती.

आता ऐका घरच्या माणसांचा पराक्रम. लग्नाच्या दिवशी पहाटेच आत्या कार्यालयात गेली होती, आचाऱ्याकडून नाश्ता वेळेवर काढून घ्यायला. ते काम तिच्याइतकं कुणाला जमत नाही असं म्हणून तिला तिथं धाडलेलं. इकडं माझी फुलंब्रीची मामी रुखवत मांडायला निघाली आणि तिला ते 'उणं' वाटलं. लाडू-करंज्या आहेत, विणलेले रुमाल आहेत, साखरेचा तुळशीवृंदावनाचा देखावा आहे, पण डोळ्यांत भरेल असं काही नाही. मग तिची नजर मागच्या खोलीत गेली. तिनं अण्णांना विचारलं. अण्णा काय म्हणाले, ते मला मामीनंच नंतर सांगितलं. म्हणाले, "न्या की. तसंच पडलंय."

तसंच पडलंय!

मी गौरीहरापुढं बसले होते. हातात तांदूळ, डोक्याला मुंडावळ्या. अमोलची चुलतबहीण आत आली आणि लाडानं म्हणाली, "वहिनी, तुम्ही जहाजं पण बनवता? काय कला आहे हो हातात!" मला आधी कळेचना. मग कळलं तशी मी उठले. गौरीहरावरून नवरीनं उठायचं नसतं, मागून बायका 'अगं, अगं' करत होत्या. मी तशीच रुखवताच्या टेबलापाशी गेले.

फ्यूमे मधोमध होती. धुराड्याला झेंडूची माळ. बुरुजांना हळदीकुंकवाची बोटं. मागचा डोलखांब मोडून आडवा झालेला, रेलिंग कुणाच्या तरी बांगडीत अडकून उचकटलेली. आणि पुढच्या डेकवर, त्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर, बाजारातले नवरा-नवरीचे बाहुले झटकन चिकटणाऱ्या डिंकानं पक्के बसवलेले. समोर सोनेरी अक्षरांत पाटी: 'समुद्रात चालतं जहाज, आभाळात उडतं विमान, आमच्या लेकीच्या कलेला द्या सगळ्यांनी मान.' त्याखाली माझं नाव. वधूने स्वहस्ते बनवलेले.

त्या टेबलाच्या पलीकडं आत्या उभी होती. हातात रिकामा ट्रे. कन्नडच्या बायका जहाजाला हात लावून लावून सुनेचं कौतुक करत होत्या आणि ती बघत होती. भाजीवाल्याला गप्प करणारी, इटलीच्या साहेबावर जेवण सोडणारी माझी आत्या एक शब्द बोलत नव्हती.

मग मीच बोलले. बोलले कसली, ओरडले. "हे मी केलेलं नाही. हे आत्यानं केलंय. ही पाटी काढा." अण्णा धावत आले, दात-ओठ खात म्हणाले, "आवाज खाली. लोक बघतायत." म्हटलं, बघू द्या. मामी म्हणाली, "आम्ही तर सजवलं गं, उलट." सासूबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, आत्यानं केलं काय नि तू केलं काय, घरातलंच ना?" या वाक्याचा राग मला आजही येतो. घरातलंच ना! भाजी निवडली, लोणचं घातलं, जहाज बांधलं, सगळं घरातलंच. बाई घरातली असली की तिच्या हातांना नाव नसतं, असं कुणी ठरवलं हो?

आत्यानंच माझा दंड धरला आणि मला परत आत नेऊन बसवलं. "लग्न लागू दे आधी," ती म्हणाली. "तुझ्या लग्नात तमाशा करू व्हय मी? तांदूळ घे हातात." मला वाटलं होतं ती टेबल उलथं करेल. करायला हवं होतं. मी तिला साथ दिली असती, अक्षता राहिल्या असत्या तर राहिल्या असत्या. पण तिनं माझ्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि ती जेवणाच्या पंगतीकडं निघून गेली.

संध्याकाळी रुखवत टेम्पोत चढलं आणि माझ्यासोबत कन्नडला आलं. पुण्याला आत्या गेली नाही. काय घेऊन जाणार होती?

मांडवपरतणीला मी जहाज मांडीवर घेऊन जीपमधून आले. सासूबाईंनी दारातच अडवलं होतं. "रुखवतावरची वस्तू माहेरी परत नेत नाहीत. अवदसा लागते संसाराला." अमोल म्हणाला, "आई, ते तिचं नाहीच, तर परत कसलं?" आणि आम्ही निघालो. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. घरी आल्यावर सरळ मागच्या खोलीत गेले, टेबलावर ठेवलं, म्हटलं, "घे, आणलं." तिनं चष्मा लावून एकदा पाहिलं. मोडलेल्या डोलखांबावरून बोट फिरवलं. आणि म्हणाली, "परत ने."

मला खरंच वाटलं मी चुकीचं ऐकलं. "परत ने म्हणजे?"

"रुखवतावर मांडलेलं परत घेत नसतात."

असली चिडले मी! म्हटलं, "तू? निरांजनावर प्लॅस्टिक तापवणारी तू, आणि तू हे मानतेस? लाज नाही वाटत?" आत्यापुढं असं आवाज चढवून बोलायची हिंमत घरात कुणाची नव्हती. ती माझ्यावरून नजर न हलवता म्हणाली, "माझ्यापुरतं मी काही मानत नाय. पण तुझ्या संसारावर कशाला प्रयोग करून बघू? उद्या तुला काही झालं तर मी ह्या जहाजाकडं बघू शकेन व्हय?" मी रडले, भांडले, पाय आपटले. ती हलली नाही. शेवटी म्हणाली, "ते इथं यायचं नाय. मीच तिथं येते."

आणि आली. एसटीनं, भिंगाचा दिवा टेबलावरून सोडवून पिशवीत घालून. भाचीच्या सासरी राहायचं नाही वगैरे संकोच तिच्या गावीही नव्हता. कन्नडच्या आमच्या दिवाणखान्यात खिडकीजवळ तिनं ठाण मांडलं. नेलपॉलिश रिमूव्हरनं डिंक सुटला असता, पण प्लॅस्टिकही विरघळलं असतं. म्हणून तिनं ब्लेडच्या पात्यानं, नखाएवढं नखाएवढं खरवडत ते बाहुले सोडवले. त्यांच्यासोबत पट्ट्यांचा रंगही निघाला. तिनं तो पुन्हा दिला. डोलखांबासाठी सासूबाईंकडून हातशिलाईची सुई मागून घेतली. निरांजनही मागितलं. मला वाटलं आता ठिणगी पडणार, पण सासूबाईंनी ते आणून दिलं. पुढं पुढं तर तुकडा पडला की सासूबाईच घरभर ओरडायच्या, "पाय उचला रे!" आणि गुडघे दुखत असताना बॅटरी घेऊन खाली बसायच्या. शेजारीण आली तर सांगायच्या, "आमच्या सुनेच्या आत्या आहेत. त्यांनी बांधलंय हे." सासूबाईंना हे कळायला आत्याला काही दिवस त्यांच्यासमोर बसून काम करावं लागलं. अण्णांच्या घरात तर ती जन्मभर बसली होती.

जाताना मी तिला म्हटलं, खाली तुझं नाव लिहून जा. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी लिहू. पुण्याला तू ने, मी सोबत येईन. तुझं तुझ्याकडंच राहील, अवदसा कुणाला लागायची नाय." आपल्या या तोडग्यावर ती इतकी खूश होती की स्टँडवर पोहोचेपर्यंत हसत होती.

त्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. दवाखान्यात नर्सला शेवटपर्यंत रागावत होती, सुई नीट धर म्हणून.

तेराव्याच्या आदल्या दिवशी अण्णांचा मला फोन. "येताना ते जहाज घेऊन ये. तिच्या फोटोपुढं ठेवू. लोकांना कळू दे, आपल्या घरात केवढी कलाकार होती." मी विचारलं, "लग्नात ते माझं होतं, आता ती गेल्यावर तिचं झालं व्हय?" अण्णा म्हणाले, "मेलेल्या माणसावरून भांडू नये." म्हटलं, जिवंत माणसावरून तुम्ही मला भांडू दिलं नाहीत. मी जहाज नेलं नाही. रिकाम्या हातानं गेले, तो शांत-सोशिकचा बॅनर वाचला, जेवले नाही, परत आले. अण्णांशी माझं बोलणं अजून नीट नाही. लोक म्हणतात, सोडून दे. मी का सोडू?

यंदा मी पुण्याला गेले. फ्यूमे काचेच्या पेटीत, पेटी माझ्या मांडीवर. प्रदर्शनाच्या दारात टेबलाशी एक तरुण मुलगा चिठ्ठ्या लिहीत बसला होता. पेटीत डोकावून तो खुर्चीवरून उठलाच. पट्ट्यांकडं बघत राहिला, तारांकडं बघत राहिला, मग भानावर येऊन पेन उचललं.

"कुणी बनवलंय?"

"प्रमिला रंगनाथ काळे."

"तुम्हीच का?"

"नाही. माझी आत्या."

"त्या येणारेत का? लोक भेटायला मागतील."

म्हटलं, ती मागच्या थंडीत गेली. मुलगा ओशाळला, सॉरी म्हणाला आणि फार आदरानं नावाच्या आधी 'कै.' लिहायला लागला. मी त्याचा हात धरला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण माझा आवाज चढलाच. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"ते खोडा," मी म्हटलं. "हे केलं तेव्हा ती जिवंत होती."